बेचाळीस डॉल्फिनचं टचिंग

आमच्या दुकानातून टचिंग केल्याशिवाय फोटो बाहेर जात नसे. हा बाबांचा नियम होता. फोटो पासपोर्टचा असो, लग्नाचा असो की शाळेच्या गॅदरिंगचा, गिऱ्हाइकाने सांगितलेलं असो वा नसो, बाबा आधी त्यावरून आपला हात फिरवत आणि मगच तो पाकिटात जाई. मुरूम, तीळ, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी, सगळं साफ. माणूस दुकानात आला त्यापेक्षा बरा होऊन बाहेर पडला पाहिजे, असं ते म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही दवाखानाच चालवतो.

दुकान ठाकूरद्वारला, रस्त्याला लागून, एका चाळीच्या तळमजल्यावर. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. काउंटरच्या मागे पडदा, पडद्यामागे स्टूल आणि दिव्यांच्या दोन छत्र्या, आणि त्याच्याही मागे पूर्वीची डार्करूम, जिथे बसून मी आता डबा खाते. खिडकीपाशी बाबांचं टचिंगचं टेबल. त्यावर एक तिरकी काच आणि काचेखाली आरसा. आरशावरून परतलेला उजेड काचेवरच्या निगेटिव्हमधून वर येई, आणि बाबा पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घेऊन त्यावर वाकत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे मोकळा, आरपार दिसणारा ठिपका असतो. तो पेन्सिलीने भरला की छापलेल्या फोटोतून डाग गायब. या कामाला बाबा 'भरणं' म्हणत. 'आज तीन नवऱ्यामुली भरल्या,' असं ते घरी येऊन सांगायचे आणि जेवायला बसायचे.

गिरगावातल्या निम्म्या मुलींची लग्नं बाबांच्या पेन्सिलीने जमवली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. दाखवायचे फोटो म्हणजे आमचा खास माल. फणसवाडीतला एक जावई लग्नानंतर महिन्याभराने आमच्या शोकेसपाशी उभा राहून स्वतःच्याच बायकोचा फोटो बराच वेळ न्याहाळत होता. तो जाईपर्यंत बाबा पडद्यामागून बाहेर आले नाहीत.

या पेन्सिलीतून माझी आईही सुटली नाही. आईचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात अडकित्ता सापडेना म्हणून तिने सुपारी दातांनी फोडायला घेतली होती. सुपारी शाबूत राहिली. आई खळखळून हसणारी बाई होती, आणि ती हसली की आधी तो दात दिसायचा आणि मग बाकीची आई. बाबांनी तिचे फोटो पुष्कळ काढले आणि प्रत्येकात तो दात भरला. फोटो हातात आला की आई तो लांब धरून म्हणायची, "ही बाई छान आहे हो. कुठे राहते?" बाबा मान वर न करता म्हणत, "इथेच, फणसवाडीत." मग ती आणखी हसायची.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. काउंटरच्या वरच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असल्यासारखा. रोज त्याच्याकडे बघत बघत माझ्या लक्षात आलं की तुटलेला दात डावीकडचा होता की उजवीकडचा, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही; डावीकडचा असावा, एवढंच वाटायचं. बाबांना विचारायची मला लाज वाटायची. पोटच्या मुलीने असा प्रश्न विचारायचा तरी कसा?

रोल गेले, निगेटिव्ह गेल्या, तेव्हा बाबा सत्तरीला आले होते. लोक म्हणाले, आता बसा घरी. बाबांनी दादरला जाऊन कॉलेजच्या पोरांमध्ये बसून कॉम्प्युटरचा क्लास केला. माउस ते पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरायचे, म्हणून त्यांचा हात दुखायचा, पण डाग मात्र पूर्वीइतकेच साफ निघायचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि फोनमध्येच टचिंग आलं. लग्नवाले ड्रोनवाल्यांकडे गेले. आमच्याकडे राहिले पासपोर्ट, आणि फाटलेले जुने फोटो. कुणाचा आजोबा, कुणाची पणजी, वाळवीने खाल्लेली, घडीवर चिरलेली. ते काम बाबा देवपूजेसारखं करत.

याच सुमारास मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुकानात येऊन बसले. खरं सांगायचं तर दुकान चालवायला नव्हे, बंद करायला आले होते. वर्षभरात सगळं आवरून, बाबांना न दुखवता, सन्मानाने शटर ओढायचं असा माझा बेत होता. माझा स्वभाव तापट. बँकेत मी काउंटरवर असताना लोक शेजारच्या खिडकीसमोर लांब रांगेत उभं राहणं पसंत करायचे. पण दुकानात बसायला लागले आणि मला ते आवडायला लागलं. बाबांचं वाकलेलं डोकं, काचेवर येणारा उजेड, साडेचारचा चहा. वर्ष उलटून गेलं तरी मी शटरचा विषय काढला नाही.

अशात एक मुलगी आली. लालबागच्या एका चाळीत राहणारी, सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर अवजड पिशवी, उन्हाने रापलेली. तिच्याकडे तिच्या आजोबांचा एकुलता एक फोटो होता. आजोबा गिरणीत होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, पांढरा सदरा, छातीवर निळी फीत, ताठ उभे. फोटो मधोमध फाटलेला आणि एक कान वाळवीने नेलेला. बाबांनी तीन दिवस घेतले. दुसऱ्या कानावरून गेलेला कान उभा केला, फितीचा निळा रंग उरलेल्या सुतावरून जुळवला. ती मुलगी पाकीट छातीशी धरून पायरी उतरली. चार दिवसांनी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आजी फोटो उशाशी घेऊन झोपते. कोणाला हात लावू देत नाही." बाबा त्या दिवशी दोन वेळा चहा प्यायले.

पेढ्यांबरोबर तिने एक पेन ड्राइव्हही आणला होता.

"काम काय करतेस तू?" मी विचारलं.

"डॉल्फिन मोजते, काकू."

"कुठे? मत्स्यालयात?"

"नाही ओ. इथेच, समुद्रात."

मी चोपन्न वर्षांची. चौपाटी आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. आयुष्यभर मी तिथे भेळ खाल्ली, गणपती बोळवले, मुलाला वाळूत खेळवलं, आणि या समुद्रात डॉल्फिन आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं की ते मुंबईपासून कोकणापर्यंत किनाऱ्याच्या जवळ असतात, राखाडी रंगाचे, पाठीवर कुबड असलेले. श्वास घ्यायला वर आले की पाठीवरचा त्रिकोणी पर पाण्याबाहेर दिसतो. जाळ्याने, बोटीच्या पंख्याने, आपापसातल्या मारामारीने त्या पराच्या कडेला खाचा पडतात. कुणाच्या दोन, कुणाची एकच पण खोल. त्या खाचांवरून कोण कोण आहे ते ओळखता येतं, दुसरी कुठलीही खूण नाही. तिची संस्था लहान, माणसं पाच. अलिबागच्या पुढच्या एका कोळीवाड्यातल्या बोटींवर ठेवायला त्यांना अल्बम करायचा होता. बेचाळीस डॉल्फिन, बेचाळीस पर, प्रत्येकाला नंबर, खाऱ्या पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले. जाळ्याजवळ डॉल्फिन दिसला की कोळ्यांनी अल्बम बघून नंबर कळवायचा. कोण जगलाय, कोण कुठे फिरतोय, कुणाला जाळ्याने धरलंय, हे त्यातूनच समजणार होतं.

हे सगळं तिने मला सांगितलं. मी मान डोलावत ऐकलं. तेवढ्यात कॉलेजच्या प्रवेशांचे पासपोर्टवाले चार जण आले, त्यातल्या एकाला टाय हवा होता, एकाला केस विंचरायचे होते. त्या गडबडीत मी पेन ड्राइव्ह बाबांकडे दिला आणि म्हटलं, "डॉल्फिनचे फोटो आलेत. बेचाळीस. मोठे काढायचेत." खाचांबद्दल मी एक अक्षर बोलले नाही.

बाबा चार दिवस त्या फोटोंवर वाकून होते. खुशीत होते, गुणगुणत होते. एकदा मधेच म्हणाले, "बिचाऱ्यांना कुणी कुणी किती चावलंय गं." मी कुठलासा फॉर्म भरत होते. "हं," म्हटलं.

बाबांनीच फोटो छापले, प्लॅस्टिकमध्ये घातले, पार्सल बांधलं. ती मुलगी शनिवारी संध्याकाळी धावत आली आणि तसंच घेऊन गेली. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून पार्सल न उघडताच बोटीत बसलं.

सोमवारी ती दुकानात आली ती पायरीवरच बसली आणि हसायला लागली. बोलता येईना. शेवटी पदराआड लपवावं तसं ओढणीत तोंड लपवून म्हणाली, "काकू, सगळे कोळी जमले होते. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी अल्बम हातात घेतला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, शेवटपर्यंत गेले. मग मला म्हणतात, 'ताय, ह्यो तर एकच मासा हाय. बेचाळीस येळा कशाला काढला?'"

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. बेचाळीस पर, सगळे गुळगुळीत, सगळ्यांच्या कडा सुरेख, एकही खाच नाही. बाबांनी ते एकेक करून भरले होते. दाखवायच्या मुलींसारखे सगळे डॉल्फिन लग्नाला तयार होते.

त्या क्षणी मी हसले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. ती मुलगी हसतच होती, मूळ फोटो तिच्याकडे होतेच, पुन्हा छापणं दोन दिवसांचं काम होतं. पण माझं डोकं फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी बाबांवर ओरडले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? पार वाट लावलीत. लोकांसमोर शोभा झाली."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. "मला वाटलं, फाटलेत," ते म्हणाले. "म्हणून नीट केले."

मग ते छत्री घेऊन घरी निघून गेले. साडेचार वाजायचे होते.

ती मुलगी हसायची थांबली. "काकू," ती हळूच म्हणाली, "खाचांचं आजोबांना सांगितलं होतंत ना तुम्ही?" मी प्रिंटरमध्ये कागद घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. बावन्न-त्रेपन्न वर्षांत हे दुकान त्यांच्याशिवाय उघडलेलं मला आठवत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी ते तासभर येऊन गेले होते. मी मूळ फोटो पुन्हा छापले, खाचांसकट. नवा अल्बम कोळीवाड्यात गेला, कोळ्यांना पसंत पडला, पण बाबा घरीच. फणसवाडीतल्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून पेपर वाचायचे. मी दादरच्या माझ्या घरून येताना खरवस नेला. खरवस खाल्ला, दुकानाचं नाव काढलं नाही. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, "माझा हात आता कुठे फिरवायचा ते मला कळत नाही. तू बंद करून टाक. तुला तेच करायचं होतं ना?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत रडत चालले. गंमत बघा, ज्या कामासाठी मी बँक सोडून आले होते ते आता आपोआप होत होतं, आणि मला ते नको होतं. बाबा परत आले नाहीत तर दुकान बंद होणार होतं. पेन्सिलवाल्या बाबांशिवाय ते दुकान म्हणजे झेरॉक्सची टपरी. आणि ते माझ्या तोंडामुळे बंद होणार होतं. तरीही 'चूक माझी होती' हे तीन शब्द काही माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हते. ओरडायला मला कधी अडचण आली नाही. हे जमत नव्हतं.

तीन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी ती लालबागची मुलगी धापा टाकत आली आणि फोन माझ्यापुढे धरला. तांडेलकाकांनी पाठवलेला फोटो. हलत्या बोटीतून काढलेला, अर्धा लाटेने झाकलेला, धुरकट. एक पर, आणि त्याच्या शेजारी अगदी लहानसा दुसरा.

"हिच्याबरोबर पिल्लू आहे, काकू. पण ही कोण ते कळेना. कॉम्प्युटर तर नाहीच म्हणतोय. आमच्या मॅडमना पण जमलं नाही. काका म्हणतात, अल्बम बघितला, दोन-तीन जणींसारखी वाटते."

मला काही सुचलं वगैरे असं म्हणणार नाही. बाबांकडे जायला मला फक्त एक निमित्त हवं होतं, आणि एकटीने जायचा धीर नव्हता. मी शटर अर्धं ओढलं आणि तिला घेऊन फणसवाडीत गेले.

बाबांनी आधी नकोच म्हटलं. "तुमच्या कामात मी आता हात घालत नाही." पण मुलीने आजोबा, आजोबा करत फोन त्यांच्या मांडीवर ठेवलाच. बाबांनी चष्मा घातला. फोन जवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे तिरका धरला, पूर्वी निगेटिव्ह धरायचे तसा. मग म्हणाले, "भिंग आण."

भिंग दुकानात होतं. मी चोपन्नाव्या वर्षी फणसवाडी ते ठाकूरद्वार पळत गेले आणि पळत आले. वाटेत एक ओळखीचे गृहस्थ 'काय झालं, काय झालं' करत चार पावलं माझ्याबरोबर पळाले.

बाबांनी भिंगातून बघितलं. "हिला मी भरलंय," ते म्हणाले. "मागच्या कडेला बघ. खालून वर आलं की आधी एक तिरकी खाच, मग थोडी मोकळी जागा, मग दोन बारीक, कुरतडल्यासारख्या. त्या तिरक्या खाचेने मला अर्धा दिवस छळलं. कड जुळेचना."

"नंबर किती, आजोबा?"

"नंबर कुठला आठवायला? पण त्या फोटोत मागे एक लाल होडी होती. तिचा रंग पाण्यात पडला होता, म्हणून भरायला जास्त त्रास."

मुलीने पिशवीतून अल्बम काढला आणि भराभर पानं उलटली. अठरा नंबरच्या पानावर मागे लाल होडी होती. मागच्या कडेला एक तिरकी खाच होती आणि वर दोन बारीक.

ती रडायलाच लागली. बाबा घाबरले. "चुकलं का माझं पुन्हा?"

"नाही ओ आजोबा. दोन वर्षांपूर्वी हिच्या अंगाभोवती जाळ्याची दोरी दिसली होती. नंतर ती परत कधी दिसलीच नाही. आम्ही धरून चाललो होतो की गेली. तुम्ही आत्ता सांगताय की ती जिवंत आहे. आणि आई झालीये."

मग तिने अल्बम मिटला आणि सहज विचारलं, अजून कुणाकुणाचं आठवतं? बाबांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली. कुणाच्या टोकाचा तुकडा गेला होता, कुणाची खाच गोल होती, कुणाला खालच्या बाजूला करवतीसारखे दात पडले होते. अल्बमकडे न बघता. भरायचं तर आधी भोक नीट बघावं लागतं, असं ते म्हणाले. त्या मुलीने ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मी दाराशी उभी होते, आणि माझ्या तोंडून ते तीन शब्द अखेर पडले. "चूक माझी होती, बाबा. तिने मला सगळं सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "ही मला परवाच येऊन सांगून गेली. तुझ्याकडून ऐकायचं राहिलं होतं." आणि थोड्या वेळाने, "हल्ली दुकान किती वाजता उघडतेस?"

"दहाला."

"दहाला? लोकांनी काय दुपारी फोटो काढायचे?"

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तर शटर उघडं होतं आणि बाबा आपल्या टेबलाशी होते.

तेव्हापासूनचा आमच्या दुकानाचा इतिहास म्हणजे बहुतेक डॉल्फिनचाच. आता चार कोळीवाड्यांचे अल्बम आम्ही छापतो. दर वर्षी कॅलेंडर काढतो, महिन्याला एक पर, खाली नंबर आणि बाबांच्या अक्षरात खाचांचं वर्णन. त्याच्या विक्रीतून त्या पाच जणांच्या बोटीचं बरंचसं डिझेल निघतं. फ्रेम हव्या असणाऱ्यांसाठी मी रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून उरलेल्या पट्ट्या आणते आणि सुताराकडून करून घेते. लालबागमधल्या त्या मुलीच्या चाळीत गॅलरीभर दोऱ्या बांधून आम्ही प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिची आजी खुर्ची टाकून दारात बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी आपल्या नवऱ्याचा फोटो दाखवून मगच डॉल्फिनकडे सोडत होती.

पासपोर्टवाल्यांना बाबा आता विचारतात, "तीळ ठेवू का?" बहुतेक जण गोंधळतात. परवा एक मुलगी लग्नाच्या स्थळांसाठी फोटो काढायला आली. तिच्या हनुवटीवर भाजल्याचा वण होता. बाबांनी विचारलं तेव्हा तिच्या आईने काढा म्हटलं आणि मुलीने ठेवा म्हटलं. बाबा म्हणाले, "ठेवतो. मागाहून ओळख पटायला बरं पडतं." मला फणसवाडीचा तो जावई आठवला आणि मी पडद्यामागे जाऊन हसले.

गेल्या हिवाळ्यात बाबांना आम्ही बोटीवर नेलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कानटोपी घालून, दोन्ही हातांनी कठडा धरून. समुद्र शांत होता. अचानक डावीकडे पाणी फुटलं, फुस्स असा आवाज आला आणि एक पर वर आला. मुलीने कॅमेरा उचलेपर्यंत तो खाली गेलाही होता. "कोण होतं?" ती ओरडली. "आपल्यातलं नाही," बाबा म्हणाले. "हिला मी भरलेलं नाही." फोटो तिसऱ्या वेळी मिळाला, आणि खरंच ती नवीन निघाली. त्रेचाळीस नंबर. तांडेलकाकांनी बाबांना आपल्या डब्यातली भाकरी आणि बोंबलाचं सुकं खायला घातलं आणि विचारलं, "आजोबा, येता का आमच्याकडं नोकरीला?" परतीच्या सगळ्या वाटेवर बाबा हे दर दहा मिनिटांनी मला सांगत होते.

आईच्या पुण्यतिथीच्या दिवशी मी दुकानात गेले तर दारातच टर्पेंटाइनचा वास आला. बाबा टेबलाशी वाकले होते. तिरक्या काचेवर, कित्येक वर्षांनी, निगेटिव्ह होती. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून ते तिच्यावरून अगदी हलका फिरवत होते. बोळ्यावर शिसाचा करडा डाग उतरत होता.

"पेन्सिलीचं काम आहे," ते मान वर न करता म्हणाले. "पुसलं की जातं. खालचं सगळं तसंच असतं."

त्यांनी निगेटिव्ह वाळवली, मी ती स्कॅनरवर ठेवली, आणि आम्ही दोघं प्रिंटरपाशी उभे राहिलो. कागद वरून खाली सरकत येतो. आधी केस आले, अंबाड्यातलं फूल आलं, कपाळावरचं कुंकू, बारीक झालेले डोळे. मग तोंड आलं, उघडं, मोठ्ठं, हसणारं. उजवीकडचा पुढचा दात अर्धा तुटलेला.

कागद पुरता बाहेर आला तरी मी तो उचलला नाही. मला वाटत होतं डावीकडचा. इतकी वर्षं मला वाटत होतं डावीकडचा.

बाबांनी फोटो उचलला आणि माझ्यासमोर लांब धरला, आई धरायची तसा.

"ओळखलीस का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मग बाबा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं, आणि त्यांनी भिंतीवरच्या त्या छान बाईला खाली उतरवलं.